दोरी मात्र निळीच ठेवली

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

चोपडे, पेडणे
गुरुवार, १२ जून २०२५

सौ. सुप्रिया हिस,
तुझ्या वहिनीचा आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी सौ. लिहावं की नको, या विचारात चहा निवला. शेवटी लिहिलं. कागदावर अजून काही झालेलं नाही असं ऐकते, आणि माझ्या हातून ते आधी पुसलं जायला नको.

सोबत एक पुस्तक आहे. पान एकशे बारा. एक बाई पुराच्या पाण्यातून काखेत कोंबडी घेऊन नदी उतरते, आणि पलीकडे पोचल्यावर बघते तर कोंबडीने वाटेतच तिच्या काखेत अंडं घातलेलं असतं. तिथे मी दोरीचा तुकडा घातला आहे. तू वाचशील या आशेने नव्हे. हात आपोआप गेला. बावीस वर्षांची सवय आहे, ती काय एकाएकी सुटते?

तू दहावीला होतीस आणि मी दहावी होऊन या घरात सून म्हणून आलेली. तू वाचायचीस, मी नारळ खवायची. रंगात आलं की नारळ अर्धाच राहायचा आणि आई आतून ओरडायच्या, "गे पोरींनो, आमटी आज होणार की पुढच्या चवथीला?" आपला नियम तूच काढलास. जिथे श्वास अडकेल तिथे बाबांच्या जाळ्याच्या निळ्या दोरीचा तुकडा घालायचा. दुसरी तिथे पोचली की तिने आपल्याला काय दिसलं ते लिहायचं. लग्न होऊन डिचोलीला गेलीस तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली त्या दोरीचं अख्खं रीळ घातलंस. मग आपली पुस्तकं सुदेश कंडक्टरच्या बसमधून जायची-यायची. म्हापशाच्या स्टँडवर तो डिचोलीच्या बसवाल्याच्या हातात पुडकं द्यायचा आणि म्हणायचा, "सांभाळ रे, आत नणंद-भावजय आसात." कुठलं पुस्तक कधी गेलं, कधी आलं, सगळं माझ्या वहीत आहे. शेवटची ओळ ऑगस्ट तेवीसची.

दोन वर्षं झाली. तू फोन घेत नाहीस. आमची ऋतिका सांगते की आत्येने माझा नंबरच बंद केलाय. बरं. पण एक मला सांग, गावातल्या सोनाबाईच्या तोंडाला झाकण नाही हा माझा दोष का? वाचताना मी नाव बदललं होतं. गाव बदललं होतं. आणि ते पत्र लिहिलंस तू. "कुणाला सांगू नकोस" असं त्यात कुठेही नव्हतं. मी काल ट्रंकेतून काढून पुन्हा पाहिलं.

पुस्तक वाचून झालं की पाठव. घाई नाही.

तारा

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

चोपडे
गुरुवार, ३ जुलै २०२५

सौ. सुप्रिया हिस,

पुडकं परत आलं. सुदेशने बसच्या दारातून हातात दिलं आणि माझ्याकडे न बघताच घंटी मारली. गाठ मी मारली तशीच होती. स्वतःच्या गाठीला बोट लावून मी रस्त्यात उभी राहिले, पोदेर सायकल घेऊन बाजूने गेला तेव्हा भान आलं. पाव घ्यायचाही राहिला.

आज तेच पुडकं पुन्हा पाठवते. मागचं पत्र आत आहेच, हे त्याच्यावर ठेवते. न उघडता परत आलं तर तिसऱ्यांदा पाठवीन. पुस्तकाचं काय झिजतंय?

काय झालं ते तुला माझ्याकडून कधी कळलंच नाही. तुला आणि तुझ्या सासूबाईंना कळलं ते सोनाबाईच्या भाचीकडून, दीपाकडून, ती तुमच्या शेजारच्या घरात दिलेली. तेव्हा आता माझ्याकडून ऐक.

बावीसच्या चवथीनंतर तुझं ते पत्र आलं. तुमच्या घरच्या माटोळीचं. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या त्या लाकडी चौकटीला फळं टांगताना पहिला सुपारीचा घोस घरच्या लेकुरवाळ्या सुनेने बांधायचा, असा तुमच्याकडे रिवाज. सात वर्षं तू फळं पुसून दुसऱ्यांच्या हातात देत आलीस. तुझा हात पुढे झाला की सासूबाई म्हणायच्या, "तू नको गे, तू केळी धर." आणि त्या वर्षी चवथीच्या आदल्या दुपारी सगळं घर जेवून आडवं झालेलं असताना तू पाट ओढलास, वर चढलीस आणि जावेने बांधलेला घोस सोडलास. सुंभ जुनं, हातातच तुटलं. मग ट्रंकेतलं रीळ काढलंस आणि निळ्या दोरीने तो घोस त्याच जागी बांधलास, बाबा जाळ्याला मारायचे तसली गाठ मारून. गणपती अजून आसनावर यायचा होता. "पाच दिवस सगळं घर माझ्या गाठीखाली हात जोडून उभं होतं, वयनी, आणि आरतीला सगळ्यांत मोठ्याने मी गायले."

ही ओळ मला पाठ आहे. मी कितीतरी पुस्तकं वाचली, पण तुझ्या त्या दोन पानांत जे होतं ते कुठल्या छापील पानात मिळालं नाही. उन्हाने तापलेली कौलं, जावेचं घोरणं, पाटाचा एक पाय आखूड. मी खाली मान घालून तांदूळ निवडत होते, पण उभी होते तुझ्या पाटावर.

पुढच्या श्रावणात नेहमीप्रमाणे देवळाच्या मंडपात दुपारी मी पोथी वाचत होते. त्या दिवशी अध्याय लहान होता, लौकर संपला. बायका म्हणाल्या, "तारा, आणखी कायतरी वाच गे, पावस उघडूंक मागना." म्हणून वाचलं. सगळ्या गप्प झाल्या. कुणीतरी म्हणालं, परत वाच. मी परत वाचलं.

एवढंच झालं. यात कुणाचं वाईट चिंतलं मी?

तारा

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

चोपडे
सोमवार, २८ जुलै २०२५

सुप्रिया,

आज पहिला श्रावणी सोमवार. पंचवीस दिवस झाले, पुडकं परत आलेलं नाही. मी सुदेशला रोज विचारत नाही, तो आपणहूनच लांबून हात हलवून "नाय" म्हणतो. इतकी वर्षं त्याच्या "नाय"ने माझं तोंड उतरायचं. या महिन्यात त्या "नाय"वर मी देवीपुढे साखर ठेवली.

म्हणजे गाठ सुटली. तू पान एकशे बारावर पोचलीस का? तुला ते अंडं ऊन लागलं की गार? मला ऊन लागलं. तू उलटं म्हणशील, नेहमीच म्हणतेस, आणि मग मी ते पान पुन्हा वाचीन आणि मला ते गारच लागेल. कुणापाशी बोलू हे? ह्यांना एक उतारा वाचून दाखवला. पूर्ण ऐकून घेतला, वाईट बोलणार नाही. मग म्हणाले, "बरं आहे. आमटीत मीठ कमी पडलंय." तुझ्या भावाला तू ओळखतेसच. ऋतिका पुस्तक फोनवर ऐकते, कानात घालून, एकटी. हसली की मी विचारते, काय गं? म्हणते, "काय नाय, आई."

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. श्रावणातला सोमवार आहे, खोटं राहायला नको.

तुझं पत्र त्या दिवशी माझ्यापाशी योगायोगाने नव्हतं. अकरा महिने मी ते एकटीने वाचलं, आणि अकरा महिने मला वाटत होतं की हे माझ्या एकटीच्या वाचनात वाया जातंय. इतकं सुंदर, आणि ऐकणारी एक मी! सकाळी घरून निघतानाच मी ते पोथीच्या रुमालात घातलं. अध्याय लहान निघेल हेही मला ठाऊक होतं. पत्र मी उघड्या पोथीत ठेवून वाचलं. बायकांना वाटलं, पोथीपाठोपाठ मी कुठल्याशा छापील पुस्तकातलं वाचते आहे. पोथीच्या पाटावर बसून मी हे केलं. त्यानंतर मी त्या पाटावर बसले नाही. आवाज बसलाय असं सांगते. गेली दोन वर्षं नारायण पुजाऱ्याची सून वाचते. वाचते म्हणजे काय, संपवते.

आणि तुझं काय झालं तेही मी सगळं ऐकलंय. तीन आठवड्यांनी चवथ आली आणि सासूबाईंनी माटोळीची चौकट उतरवून गोमूत्राने धुतली. पाच दिवस तुला मागच्या पडवीत बसवलं. महेश नवरा असून ताट आणून ठेवायचा आणि न बोलता आत जायचा. गेल्या वर्षी चवथीच्या आधीच तू स्टँडजवळ खोली घेतलीस, ती अजून तिथेच आहेस, बालवाडीत मदतनीस म्हणून. हे सगळं मला सोनाबाईने सांगितलं, आणि मी मान हलवून ऐकलं, जणू कुणा दुसऱ्याच्या नणंदेचं ऐकते आहे.

यंदा चवथीला इथे ये. आपल्या माटोळीला तसला रिवाज नाही, कधी नव्हता. पहिला घोस तू बांध. मी ह्यांना सांगून ठेवलंय, तू येईपर्यंत त्या घोसाला कुणी हात लावायचा नाही.

उत्तर दोन ओळींचं चालेल. एक दोरी पाठवलीस तरी चालेल.

तारा

चोपडे
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

सुप्रिया,

आज वर देवीचं नाव घातलं नाही. जे लिहायचंय ते तिच्या नावाखाली लिहिता येणार नाही.

मघा सोनाबाई आली. ओल्या छत्रीसकट थेट स्वयंपाकघरात. मला म्हणाली, "गे तारा, तुझी नणंद तिकडे बरी फेमस झाली हां."

मी म्हटलं, "कशाबद्दल?"

"वाचनालयात शनवारी बायकांक वाचून दाखयता. दीपा जाता मगे. इतक्या बायका बसतत की खुर्च्यो पुरनत नाय."

मला बरं वाटलं. खरंच सांगते, पहिल्या क्षणी मला बरंच वाटलं. म्हटलं, वाचते तर! विचारलं, "काय वाचते?"

सोनाबाईने पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं, परत ठेवलं. म्हणाली, "खंयच्या तरी बायलेची पत्रां. नणंदेक लिवलेली. चुकी आपली, आणि रडता नणंदेच्या नांवान. दीपा म्हणता, हसून हसून पोट दुखता आणि मगे एकदम घशांत येता. एक जाणटी म्हातारी तर मोठ्यान म्हणाली, असली भावजय दुस्मनाकय नाका गे बाय! तुका नाय ठावक?"

मी म्हटलं, "मला कसं ठाऊक असणार?"

"तां खरां," ती म्हणाली. "बायलेचां नांव शांता. गांव हळर्ण." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी गोड आवाजात, "दोरी मात्र निळीच हां."

तिला चहा दिला. साखर किती तेही विचारलं, याचा मला अजून अभिमान आहे. ती गेल्यावर दार लावून बसले.

माझी पत्रं तुला होती. तुला! अंड्याचं तुला लिहिलं होतं. ह्यांचं आमटीतल्या मिठाचं तुला लिहिलं होतं, चार खुर्च्यांवरच्या अनोळखी बायकांना हसायला नव्हे. मी या वयात देवीपुढे साखर ठेवते हे तू त्या बायकांना वाचून दाखवलंस? पुडकं परत येत नाही म्हणून मी नाचत होते आणि तू दर शनिवारी मला पाटावर बसवत होतीस. काय मिळालं तुला? त्यांतली एक तरी तुझी कोण लागते? एवढं निर्दय कुणी आपल्या माणसाशी

वरची ओळ अर्धी सोडून उठले होते. देवाचा दिवा लावला, भात टाकला. आता परत बसले आहे.

ती ओळ तू मला लिहायला हवी होतीस. दोन वर्षांपूर्वी. तू लिहिली नाहीस. तू एक शब्द लिहिला नाहीस आणि मी समजत होते की तुझा राग गेला की लिहिशील.

आता आणखी एक लिहिते. हे पत्र तू कुठे नेशील ते ठाऊक असून लिहिते.

त्या दिवशी मंडपात "परत वाच" असं कुणी म्हणालं नव्हतं.

घोस निळ्या दोरीने बांधला, इथे मी पोचले तेव्हा सोनाबाई वाती वळत होती. तिचा हात थांबला. तिने वर पाहिलं. आपली पुडकी बसमध्ये तिने शंभरदा पाहिली होती, निळ्या दोरीची. मला कळलं की तिला कळलं. तिथे मला थांबता आलं असतं. पुढे काहीतरी वेगळंच जोडून मोकळी झाले असते, आणि तिचा हात परत वातीला लागला असता. पण मंडपात एवढी शांतता होती, सुप्रिया. पन्हळीचं पाणी ऐकू येत होतं. रोज पोथीत डुलक्या काढणारी ती पद्मावती, सरपंचांची आई, ती पुढे सरकून बसली होती. माझ्या आयुष्यात माझ्या तोंडाकडे इतक्या माणसांनी कधी बघितलं नव्हतं. मी ती ओळ पुन्हा वाचली. आपणहून. जरा सावकाश.

नाव बदललं, गाव बदललं, तेव्हाच दोरी बदलता आली असती. सुतळी म्हटलं असतं तर तू आज घरात असतीस. त्या सकाळी मी सुतळी म्हणून वाचून बघितलंही होतं, न्हाणीघरात, स्वतःशी. मेलं ते. सुतळीने तो घोस बांधला गेलाच नाही. निळी म्हटलं की बाबा, जाळं, तुझी ट्रंक, सगळं त्या घोसाबरोबर वर जायचं.

म्हणून ठेवली.

तारा

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

चोपडे
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

सुप्रिया,

परवा चवथ. ऋतिका शाडूची मूर्ती आणायला न्यायचं आसन पुसते आहे. हे माटोळीसाठी कांगलां, माट्टुळ्यो, घागऱ्यो अशी रानफळं घेऊन आले, सगळी पडवी हिरव्या वासाने भरली. घोस कोपऱ्यात वेगळा ठेवलाय. हे म्हणाले, "ती येणार नाही, तारा. उद्या दुपारपर्यंत वाट बघू, मग मी बांधतो." मी म्हटलं, बांधा.

तू येऊ नयेस असं मला मधे चार दिवस वाटलं. मग वाटलं, आलीस तर मी तुझ्या तोंडाकडे बघणार कशी? आणि तू माझ्या? दोघी मिळून घोसाकडे बघत बसलो असतो.

काल सोनाबाई पुन्हा आली. मीच बोलावलं. तिला वाटलं मी भांडणार, पदर खोचूनच आली होती. मी तिच्यापुढे गरम नेवऱ्यो-करंज्या ठेवल्या आणि म्हटलं, दीपाने काय काय सांगितलं ते सगळं सांग. कुठे हसल्या, कुठे गप्प झाल्या. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "गे, तुका वायट दिसना?"

वाईट वाटतं. गेले दहा दिवस मला अन्न गोड लागलेलं नाही. पण मला ऐकायचं होतं.

अंड्यापाशी हसल्या म्हणे. मला वाटलंच. सौ. लिहू की नको, तिथेही. पडवीतल्या ताटापाशी तू पाणी प्यायलीस. आणि चौदा ऑगस्टचं पत्र या शनिवारी वाचलंस तेव्हा पन्हळीच्या पाण्यापाशी कुणीच हललं नाही. दीपा म्हणते, वाचनालयाची बाई दिवे बंद करायला उठली होती, ती बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

माझ्या हातचं लिहिलेलं कुणी असं ऐकेल असं मला कधी वाटलं नव्हतं. हे मी तुझे उपकार म्हणून लिहीत नाही. तू ते माझ्यासाठी केलेलं नाहीस. पण दीपाचं ते सोनाबाईच्या तोंडून ऐकताना मला जे झालं ते तुला ठाऊक आहे, तुझ्याइतकं कुणालाच नाही, म्हणून तुलाच लिहावं लागतं. दुसरं कोण आहे मला? तुला तरी कोण आहे?

माझ्याकडचं रीळ संपत आलं. उरलेली दोरी या पुडक्याला गुंडाळली आहे, गरजेपेक्षा जास्त वेढे बसलेत, ती सोडवून ठेव. मागचं पुस्तकही ठेव. वहीत मी त्यापुढे "दिलं" असं लिहिलं आहे, परत आलं असं लिहायची जागा सोडलेली नाही.

हे पत्र येत्या शनिवारी वाचशीलच. चवथीचा चौथा दिवस असेल, बायका कमी येतील. आल्या तेवढ्यांपुढे वाच. पण शांता म्हणू नकोस. तारा म्हण, चोपड्याची तारा. नाव बदललं म्हणजे सगळं झाकलं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आता ते पुरे.

एक विचारायचं राहिलं. सोनाबाई म्हणते, शेवटच्या पत्रातली ती ओळ, "मी ती ओळ पुन्हा वाचली", ती तू शनिवारी दोनदा वाचलीस. दुसऱ्यांदा जरा सावकाश.

कुणी "परत वाच" म्हणालं होतं का गं? की तू आपणहून वाचलीस?

एवढंच कळव.

तुझी वयनी
तारा